आवाजाची पारख

हिंगणघाट, सोमवार, ९ जानेवारी १९७८

आज दुपारच्या सुट्टीत शेजारच्या शाळेचे गुरुजी येऊन गेले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शाळेच्या हातपंपासाठी पाना घ्यायला त्यांनीच मला जाम गावच्या बाजारात नेले होते. मी कापसाच्या जिनातला जुना फिटर, माझ्या नजरेवर त्यांचा भरवसा. रस्त्याकडेला ताडपत्रीवर पाने फारच स्वस्त होते. मी एक दोरीला टांगला, दुसऱ्याने ठोकला. ठण्ण. अगदी देवळातली घंटा.

"घ्या गुरुजी, आवाजच सांगते माल कसा आहे ते."

एक त्यांनी घेतला, एक मी.

माझ्या पान्याचा जबडा शनिवारी पहिल्याच नटावर फाकला. तो मी कोठीत गव्हाच्या पोत्यामागे लपवला. गुरुजींना सांगायला नको होते? होते. पण वाटले, पंप काही लगेच बिघडत नाही.

पंप आज सकाळी बिघडला.

गुरुजी रागावले असते तर बरे. शांतपणे चहा प्याले आणि म्हणाले, "तुमचं काई चुकलं नाई. तुमी लोखंड कुठं पारखलं, आवाज पारखला. आवाजात खोट नाई."

मग त्यांचा पाना आता कुठे आहे, हे विचारायची हिंमत झाली नाही.

शाळा सुटताना चपराशी रोज फुटकी थाळी बडवतो. आज थाळी नाही वाजली. ठण्ण.

बायको भाकरी थापता थापता थांबली. "नवी घंटा आणलेली दिसते शाळेनं. काय आवाज आहे. कोनं पारखून आणली जी?"