शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा अक्षरश्लोक

त्रिशूर

चिरंजीव उण्णिकण्णन यास थोरल्या भावाचे उदंड आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझी गाय आणि मिरीचे वेल सुखात असावेत. इकडे मान धरून सर्व ठीक. (फोनवर तू वहिनीजवळ मानेच्या आधी फणसाची चौकशी केलीस, ते मी मनात ठेवलेलं नाही.)

पत्राचं कारण तुला ठाऊक आहे. रक्ताच्या प्रत्येक भावंडाने मान तपासून घ्यावी, असा डॉक्टर जिजी तरकन यांचा हुकूम आहे. ताई जाऊन निर्दोष सुटली. राहिलास तू, आणि तू म्हणतोस, "एट्टा, तुझी मान तू सांभाळ, माझी जागेवर आहे." म्हणून सविस्तर लिहितो. वाचून तुझी भीती जाईल.

मानेच्या उजवीकडची ती लिंबाएवढी गाठ मी बरेच दिवस सरस्वतीची कृपा समजत होतो. कारण ती ठोके द्यायची, आणि त्या ठोक्यांवर लहानपणच्या शाळेतल्या कविता काय सुरेख बसायच्या! (आठवते ना ती शाळा, चिंचेखालचा वर्ग, आणि आपण सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली ती होडीची कविता? आता तशी होडीही नाही आणि तसा सूरही.) डॉक्टरांनी गाठीला हात लावला आणि मला अंगठा वाकवायला सांगितला. आपल्या घराण्याचा अंगठा मागे मनगटाला टेकतो, म्हणून आपण जत्रेत टाळ्या घेतल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, ही कला नव्हे, हा आजार आहे." सांधे बांधून ठेवणारा शरीरातला धागाच आपल्या घरात जन्मतः सैल, म्हणून धमनीही फुग्यासारखी फुगली. फुगलेला भाग कापून तिथे नळी घालायची. मी माझ्याच पायाची शीर देऊ केली, तर म्हणाल्या, "नको, तुमच्या घरचा माल तसलाच." नळी बाहेरची आणली.

मान तेवढी बधिर केली, मला जागं ठेवलं. धमनी थांबवल्यावर मेंदूला रक्त पोचतंय की नाही, ते कळायला मी बोलत राहायचं आणि डाव्या हातातलं रबरी बदक दाबून वाजवायचं. बोलत राहा म्हटल्यावर मी दुसरं काय बोलणार? श्लोक म्हटला. तर पडद्यापलीकडून डॉक्टरबाईंनी नियमाला धरून, माझ्या तिसऱ्या चरणाचं पहिलं अक्षर पकडून, उलट श्लोक टाकला! शाळेत अक्षरश्लोकाच्या स्पर्धा जिंकलेल्या निघाल्या. मग काय, त्या चिरतायत, मी म्हणतोय, बदक वाजतंय. इतकी रंगलेली बैठक मी देवळातही पाहिली नाही.

आणि ऐन धमनी थांबवल्यावर बाईंनी मघाचाच श्लोक पुन्हा म्हटला. आता तूच सांग, समोरच्याची चूक आपण काढतो का? आपण गप्प बसायचं, पंचाने बोलायचं. मी गप्प पडलो. बदक वाजवणं म्हणजे खिजवणं, म्हणून तेही थांबवलं. पंच कोणीच नव्हता.

"मास्तर! अहो मास्तर!" नर्स लिसम्मा गालावर चापट्या मारू लागली. कोणी म्हणे रक्त गेलं, कोणी म्हणे मास्तर गेले. शेवटी बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मास्तर, माझं काही चुकलं का हो?" विचारल्यावर सांगणं भाग होतं. म्हटलं, "श्लोक दुसऱ्यांदा आला." यावर बाई जे बोलल्या ते कोणत्याही वृत्तात बसत नाही. पण नळी झकास बसली.

तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. वहिनीचा आशीर्वाद.

तुझा,
दामोदर एट्टन

ता.क. फोन न करता पत्र का, असं वाटेल. आवाज गेला आहे. नस दुखावली, परत येईल म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत.

ता.क. देवळातल्या स्पर्धेत माझ्या जागी तुझं नाव दिलंय. समोर डॉक्टरबाई आहेत. न तपासलेल्या मानेशी त्या खेळणार नाहीत. तुझ्या बायकोला सगळं कळवलंय. ती मंगळवारी तुला गाडीत बसवणार आहे.

ता.क. अच्छन गेले ते श्लोकाच्या मध्यावर, मान धरून. पुढची ओळ आठवत असतील म्हणून आपण दोघं मुलगे त्यांच्यासमोर किती वेळ नुसते बसून राहिलो होतो, आठव. उण्णी, मला पुन्हा तसं बसायला लावू नकोस.