मांजरीच्या विहिरींचे नकाशे

मंगळवार, १२ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच आहे. ह्यांच्या जागी आलेला समीर आजही सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, “मॅडम, सरांनी जाण्याआधी मांजरी गावच्या विहिरींचं काम अर्धवटच सोडलं. माझ्या स्क्रिप्टला एकही नकाशा सापडत नाही.”

अर्धवट! गेलेल्या माणसाला बोलायला काय जातं?

जेवणाच्या सुट्टीत त्याची पायथॉनची स्क्रिप्ट, म्हणजे नकाशे शोधणारा छोटा प्रोग्राम, मीच वाचली. ती फक्त बाहेरच्या फोल्डरमध्ये शोधत होती. ह्यांनी प्रत्येक विहिरीला आत वेगळा फोल्डर केलेला. एक ओळ बदलली, सगळे नकाशे सापडले.

“अरे वा, झालं की काम!” म्हणाला. माफी नाहीच.

पण चार दिवस मीसुद्धा ह्यांच्या फोटोला विचारत होते, अहो, का सोडलंत अर्धवट? समीर ह्यांना ओळखत नव्हता. मी तर ओळखत होते.