जर्मनीहून तू आधी परत आलीस

आई,

काल तुझ्या नातवाचा फोन आला. म्हणाला, "तुझं तिकीट काढलंय. आता इकडे यायचं ते कायमचं." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. परदेश या गोष्टीचा मला आता नुसता कंटाळा आलाय गं. बॅग काट्यावर चढवायची, वजन जास्त भरलं की भाजणीचं पुडकं बाहेर काढायचं, आणि तिकडे उतरल्यावर तपासणीवाल्या पोराला मेतकूट म्हणजे काय ते समजावत उभं राहायचं. तिथे पोचलं की नातीची गाडी ढकलत बागेत जायचं. बागेत अशाच गाड्या ढकलणाऱ्या आपल्याकडच्या आज्या भेटतात. कशा आहात म्हणून कोणी विचारत नाही, सगळ्या एकच विचारतात, "तुम्ही परत कधी?" तुरुंगातसुद्धा बहुतेक असंच विचारत असतील. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या विषयावर बोलावं असं दुसरं माणूस मला आठवेना, म्हणून लिहायला बसले.

आप्पांच्या कंपनीने त्यांना नव्या मशिनींचं काम शिकायला जर्मनीला पाठवलं, तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. वर्षभरासाठी, आणि कुटुंबाला न्यायची परवानगी. पिंपरीची आपली सगळी कॉलनी सल्ले द्यायला लोटली होती. यातलं कोणीही लोणावळ्याच्या पुढे गेलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला जर्मनीची पक्की माहिती होती. "वहिनी, तिथे पाणी पीतच नाहीत, नुसती बिअर," असं शेजारचे काका सांगत होते आणि तू शांतपणे चटणीच्या बरण्यांना फडकी बांधत होतीस. बरण्यांच्या मधोमध तू माहेरचा, चाकणकडचा, लोखंडी खलबत्ता ठेवलास. आप्पा ओरडले, "अगं, विमानातून लोखंड कुठे नेतेस?" तू मान वर न करता म्हणालीस, "मंग तितं काय दातानं कुटू?"

त्या खलबत्त्यानेच पहिला गोंधळ केला. एका रविवारी दुपारी तू शेंगदाण्याचा कूट करत होतीस, तर खालच्या मजल्यावरची घरमालकीण वर आली. पांढरे केस, इस्त्रीचा झगा, बोलणं अगदी सभ्य. मी शाळेत थोडीफार भाषा शिकले होते. मी तुला सांगितलं, "आई, ती म्हणते, रविवारी आवाज करायचा नसतो. इथे नियम आहे." तू तिच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "आन् रईवारी जेवायचा बी नेम नसतोय का, इचार तिला." मी काही विचारलं नाही. आप्पा मात्र शरमेने लाल झाले. पुढच्या रविवारी तू खलबत्ता शालीत गुंडाळलास, मला बोटाला धरलंस आणि नदीकाठच्या बाकावर जाऊन बसलीस. मी अजून तिथे उभी आहे असं वाटतं. थंडी मरणाची, तू नऊवारीवर आप्पांचा जाडजूड कोट घातलेला, आणि ठाक ठाक आवाज सगळ्या काठावर घुमतोय. पोलीस आला. काय चाललंय, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "आई स्वयंपाक करतेय." त्याने बराच विचार केला. तू त्याच्या हातमोज्यावर चिमूटभर कूट-गूळ ठेवलास. त्याने तो खाल्ला, टोपी सारखी केली आणि निघून गेला. तू म्हणालीस, "ह्यो बरा हाय. ह्याला कळतंय."

पण हसण्यासारखं तेवढंच होतं. आप्पा कामावर, मी शाळेत, आणि तू दिवसभर खिडकीशी. कॉलनीत आपलं दार रात्री झोपतानाच काय ते लागायचं. तिथे ते कोणी वाजवायचंही नाही. एकदा मी शाळेतून आले तर तू दाराच्या आतल्या बाजूला पाट टाकून बसली होतीस. काय करतेस म्हटलं, तर म्हणालीस, "जिन्यावर मान्सं जात्यात, त्येंची पावलं आयकते." तेव्हा मला हसू आलं होतं. आता तसल्याच एका दारामागे मी स्वतः बसून आलेय, आता हसू येत नाही.

वर्ष संपत आलं आणि आप्पा मिठाई घेऊन घरी आले. कंपनीने मुदत आणखी एक वर्ष वाढवली होती. तू मिठाई ताटलीत काढलीस, त्यांच्यापुढे ठेवलीस.

"तुमी ऱ्हावा. आमी जातो."

"एकटी कशी जाशील? तुला इंग्रजी येत नाही, जर्मन येत नाही."

"यकटी कुठं? ही हाय की. आन् म्या हितं यकटीच हाय की वो."

ताटली तशीच राहिली. महिन्याभरात आपण दोघी विमानात होतो. तू वाटभर माझा दंड सोडला नाहीस. तुला केवढी भीती वाटत होती, ते मला त्या पकडीवरून कळत होतं.

कॉलनीत काय काय बोललं गेलं! नवऱ्याने परत धाडली, तिकडे गोरी ठेवली असणार. शेवटी नळावर एकीने तोंडावर विचारलंच, "पटत नाही का गं तुमचं?" तू कळशी कमरेवर घेतलीस. "पटतंय की. म्हनून तर आले. आनिक ऱ्हायले असते तर पटलं नसतं." वर्षभर तू हे ऐकत राहिलीस आणि भेटेल त्याला तेच उत्तर देत राहिलीस. आप्पा परतले तेव्हा निम्मे झाले होते. लोकांना त्यांनी तिथल्या बागा, रस्ते, ट्राम सगळं रंगवून सांगितलं. पाहुणे गेल्यावर तू त्यांचं ताट वाढलंस, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तू गेल्यावर मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवायचो. टेबलाशी एकट्याने बसवेना." तू नुसती भाकरी वाढलीस. तूपही वाढलंस. तुझ्याकडून तेवढंच यायचं, ते आप्पांना पुरलं.

मला तुझ्यासारखं सरळ बोलायला जमत नाही गं. चार बुकं जास्त शिकले, त्याचा हा असा उपयोग. 'मी येत नाही' एवढे तीन शब्द काल फोनवर तोंडातून निघाले नाहीत. आज सकाळी मुलाला परत फोन केला आणि सांगितलं, गुडघे फार दुखतात रे, डॉक्टर विमानप्रवास नको म्हणतात. तो बिचारा घाबरला, तिकीट रद्द करतो म्हणाला. हे तुझ्यापाशी म्हणून लिहितेय, आणि हा कागद पुढे कुठे जायचा नाही तेच बरं. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. आत्ता भाजी घेऊन आले, ती लिफ्ट चालू असताना जिन्याने.