भुरीचे दोन सात

वडीगोद्री,
रविवार

प्रिय प्रांजली,

एका माठात दुसरा माठ बसवून, मधे ओली वाळू भरून केलेलं इन्सुलिनचं थंडघर. वापरलेल्या सुयांसाठी झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा. भाकरी-अंडं तोलायचा काटा, पाच ग्रॅमचा फरकसुद्धा दाखवणारा. हे सगळं मी माझ्या हातानं केलंय, तुझ्या भुरीसाठी. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना माठात चोवीस होतं. थर्मामीटर लावून पाहिलंय, अंदाजानं सांगत न्हाई.

फोनवर तू दोनच गोष्टी विचारतेस. भुरी जगेल ना, आणि आप्पा, पुण्याच्या नोकरीचं काय ठरवलं? पहिलीचं आधी सांगतो.

तीर्थपुरीच्या बाजारातून तू दप्तरात घालून आणलेलं ते कुत्रीचं पिल्लू आता नऊ वर्षांचं झालंय. होळीनंतर ती घमेलंभर पाणी प्यायला लागली, चांगलं खायची, तरी वाळतच चालली. नवीन जालन्यातल्या डॉक्टर अर्पिता मॅडमनी रक्त तपासलं. साखर चारशे बारा! जेवण झाल्यावर सुई, बारा-बारा तासांनी, आयुष्यभर, असं त्यांनी बजावलं. मंग सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मी चिमटीत कातडी धरतो, ती कानसुद्धा हलवत न्हाई.

पण महिना झाला तरी साखर साडेतीनशेच्या खाली येईना. मी काटा पुन्हा जुळवला, माठातली वाळू बदलली, शेवटी शेजारच्या साळूबाईवर संशय घेतला. तिनं चांगलंच सुनावलं, "तुमच्या कुत्रीला घालायला माझ्या घरी पेढे उतू चाललेत का?" चोर पकडला तो तुझ्या आईनं. दुकान उघडलं की लेथ मशीनला उदबत्ती लावायची, पुढं खडीसाखर ठेवायची आणि ती उचलून भुरीच्या तोंडात घालायची, हे मी नऊ वर्षं करतोय. हाताला इतकी सवय की डोक्याला पत्ताच न्हाई. "भाकरी तोळ्यानं मोजून राह्यले, अन् परसाद कोण मोजणार?" म्हणत आई दिवसभर हसत होती. मी साळूबाईची माफी मागून आलो. आता लेथपुढं फुटाणे असतात. काल साखर एकशे ऐंशी भरली, आणि भुरी समोरच्या ढाब्याच्या कोंबड्यांमागं पुन्हा धावायला लागलीय.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकून मी हो म्हणून बसलो असतो, म्हणून लिहितोय. आयटीआयचं तोंड न पाहिलेल्या माणसाला जावईबापूंच्या साहेबांनी नुसतं काम बघून बोलावलं, याचा मला किती अभिमान वाटला ते तुला कळायचं न्हाई. त्यांचं पत्र मी लॅमिनेट करून लेथच्या वर लावलंय. पण तिथं कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, भुरीचे दोन्ही सात साधायचे न्हाईत, आणि सुई हातात घेतली की तुझी आई डोळे मिटून घेते. परवा मी साहेबांना कळवून टाकलं, येणार न्हाई. जावईबापूंना म्हणावं, राग धरू नका. हेड कारागिराची जागा होती, राहायला खोली, महिना अडतीस हजार.

तुझाच,
आप्पा