लिनचं एक ठाम वाक्य

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०१४, बिशान, सिंगापूर

आज लिनने माझं लाल पेन अडवलं! चीनहून आलेली ही मुलगी ऑगस्टमध्ये माझ्या इंग्रजी लेखनाच्या वर्गात आली, तेव्हा तिचं प्रत्येक वाक्य 'निःसंशय'ने सुरू व्हायचं. तिकडे शाळेत ठाम लिहिलं की मार्क मिळायचे म्हणे. मग मी अख्खी टर्म समासात लाल अक्षरांत 'कदाचित?' लिहीत राहिले.

आज तिच्या निबंधाचा शेवटचा मसुदा आला. सगळीकडे 'कदाचित', 'असं दिसतं'. ठाम वाक्य एकच: वुडलँड्सच्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, एकटे येणारे म्हातारे रोज आपापल्या ठरलेल्या टेबलावरच बसतात. सवयीने लिहिलंच मी, 'कदाचित?'

"नाही टीचर," ती म्हणाली. "दोन महिने रोज संध्याकाळी मी तिथे बसले. हे मी पाहिलंय. ते असं का करतात, तिथे कदाचित. इथे नको."

मीच शिकवलेलं, मलाच! काय बरं वाटलं. ते लाल 'कदाचित' मी तिच्यासमोरच खोडलं.

घरी येऊन तिच्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं शिफारसपत्र काढलं. 'लिन कदाचित चांगली संशोधक होऊ शकेल, असं वाटतं.' शी! हे मी लिहिलं? कोणाला घाबरून?

फाडलं. नवं लिहिलं: 'लिन संशोधक आहे. मी पाहिलंय.'