दहा नंबरचा जोड

ता. ४ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

बोर्डाने यांचा अर्ज परत पाठवला. फौजेत मोडलेल्या डाव्या गुडघ्याची पेन्शन चालू आहे. पण त्याला जपता जपता उजवाही गेला, हे त्यांना पटत नाही. सगळा भार उजव्यावर होता, तर तो एकवीस वर्षं ठणठणीत कसा राहिला आणि आठ महिन्यांत निकामी कसा झाला, असं विचारतात. हाडांच्या डॉक्टरचं लेखी मत एप्रिलअखेर हवं. घरची डॉक्टर असताना दुसऱ्या कुणाच्या दारी जाऊ? आता जिना हे बसून उतरतात, आणि राग माझ्यावर निघतो.

एक्स-रे सोबत आहेत. तुम्ही जुने बूट मागितलेत, तेही पाठवतेय. यांचा पाय आठ नंबरचा; पण दर खेपेला हे दहा नंबरचाही एक जोड आणायचे आणि दाराशी आपल्या बुटांच्या डाव्या अंगाला ठेवायचे. घालायचं कुणीच नाही. फौजेतली सवय, म्हणायचे. जुलैत मी ती सगळी अडगळ पोत्यात भरली, नवा जोड आणू दिला नाही. निवडत बसले नाही, अख्खं पोतंच पाठवतेय, हसू नका.

लोभ आहेच, तो मत लिहितानाही आठवावा.

तुमची भावजय


ता. ११ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बोर्डाचा प्रश्न बरोबर आहे. मीही तोच विचारला असता.

आठ नंबरचे तळवे पाहिले. जुलैपर्यंतच्या सगळ्या जोडांची झीज दोन्ही पायांना सारखी आहे. लंगड्या माणसाचे बूट असे झिजत नाहीत. जुलैनंतरच्या जोडात मात्र उजवी टाच पार गेली आहे.

दहा नंबरचेही पाहिले. कुणी घालत नाही म्हणतेस, पण एकही कोरा नाही. प्रत्येकाच्या उजव्या बुटाची बाहेरची कड झिजली आहे. उजवीकडच्या माणसाला खांदा देऊन चालणाऱ्याचे बूट असे झिजतात.

भुताखेतांच्या गोष्टी मला लिहू नकोस. चाळीस वर्षं हाडं जोडण्यात गेली माझी. बंधुराजांना सरळ विचार, हे बूट कोण घालतं.

जेवण वेळेवर घेत जा. माया आहे, म्हणून बोलते.

तुझी वन्सं


ता. ९ एप्रिल

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

विचारलं. शर्टाचं बटण लावता लावता यांनी सांगितलं. गुडघा फुटला तेव्हा तुकडीतल्या एका धिप्पाड गड्याने यांना डावीकडून खांदा देऊन नऊ मैल चालवत आणलं. छावणीच्या दारात तो बूट काढायला खाली बसला, तो उठलाच नाही. पोटातली गोळी त्याने वाटेत कुणालाही सांगितली नव्हती.

हे सांगितलं त्याच दिवशी हे दुकानात जाऊन दहा नंबरचा नवा जोड घेऊन आले. आता काठीशिवाय कोपऱ्यापर्यंत जातात. आमचा बोळ अरुंद. हे उजव्या भिंतीला खांदा घासत चालतात, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. काल समोरून पोस्टमन आला. तो अंग चोरून त्या बाजूच्या भिंतीला चिकटला, आणि मग कुणासाठी, ते त्यालाच कळेना.

वन्सं, मला भीती दुसरीच आहे. बोर्डाची तपासणी दोन मेला आहे. असे चालत गेले तर अर्ज बुडाला. तोवर तो जोड शेजाऱ्यांकडे ठेवूया म्हटलं, तर हे एवढंच म्हणाले, “एकदा तो माझ्यामुळे दाराबाहेर राहिला. पुन्हा नाही.” तुमचं ऐकतील. दोन ओळी लिहा.

तुमची भावजय


ता. १४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

त्याला काही लिहिणार नाही. तो बरोबर बोलला.

मत सोबत आहे. लिहिलं आहे ते असं: डाव्या गुडघ्याच्या अधूपणामुळेच उजवा गेला; एकवीस वर्षं भार वाटून घेतला जात होता, म्हणून उशिरा गेला; तो आधार जुलैत तुटला. कशाचा आधार, या रकान्यात ‘एका माणसाचा’ असं लिहिलं आहे. खोटं मी लिहीत नाही, आणि याहून खरं मला लिहिता येत नाही.

बोर्डासमोर तो चालतो तसाच चालू दे. नाटक करायला लावू नकोस.

पोतं परत पाठवते आहे. माझ्या घरात ते नको.

तुझी वन्सं


ता. २० मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

अर्ज मंजूर झाला. यांना बोर्डाच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. हे नीट चालले, तरीही. उलट न मागितलेला मदतनीस भत्ताही दिलाय. कागद तीनदा वाचला. खाली तिघा डॉक्टरांच्या सह्या आहेत आणि वर शेरा आहे: ‘अर्जदार मदतनीसाच्या खांद्याच्या आधाराने चालतो.’

वन्सं, मला आत सोडलंच नव्हतं. मी सगळा वेळ बाहेर बाकावर बसून होते.

तुमचा लोभ आम्हा तिघांवर राहू द्यावा.

तुमची भावजय