रुथची नाव उलटली

मंगळवार, संध्याकाळ. लक्ष्मीबाई नगर.

चर्चच्या उन्हाळी शिबिरातून पास्टरांचा फोन आला. आज गंगेत रुथची नाव उलटली. लाइफ जॅकेटमुळे ती वर आली. "बच्ची बिल्कुल ठीक है," ते सारखं म्हणत होते. इतक्यांदा का म्हणाले? स्विमिंग पूलमध्ये पोहायला शिकलेल्या चौदा वर्षांच्या पोरीला मी नदीवर पाठवलंच कसं?

मग ती स्वतः बोलली. "आई, पाण्याखाली काहीच दिसत नव्हतं. खूप घाबरले मी."

"मी आजच निघते तुला आणायला."

"नको. उद्या मला परत नावेत बसायचंय. नाहीतर ही भीती घरी घेऊन येईन."

प्रार्थनेला बसले, अर्ध्यातच उठले. तिला "बरं" म्हणाले खरं, पण बॅग भरून दाराशी ठेवली आहे.